आधी वेग, मग पंखा, शेवटी मोटर



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी उभं आयुष्य तंत्रनिकेतनात यंत्रशास्त्र शिकवण्यात घालवलं. फळ्यावर सूत्र मांडण्याआधी ते विद्यार्थ्याला विचारायचे, "या यंत्राकडून तुला काम कोणतं करून घ्यायचंय?" उत्तर येईपर्यंत खडू खालीच असायचा. आजच्या विषयाला या प्रश्नाची फार गरज आहे. विजेवर चालणाऱ्या बोटीला मोटर केवढी हवी आणि पंखा कसा हवा, हा तो विषय.

गेल्या काही वर्षांत कोकणातले बोटवाले, पर्यटन व्यावसायिक, सहकारी संस्थांचे पदाधिकारी माझ्याकडे येतात आणि जवळजवळ एकच प्रश्न विचारतात : "आमची बोट तीस फुटी आहे, किती एचपीची मोटर टाकू?" विचारणाऱ्याची तळमळ खरी असते. डिझेलचं बिल त्याला परवडत नसतं आणि खाडीवर तरंगणारा तेलाचा तवंग त्यालाही बघवत नसतो. पण या प्रश्नाला थेट उत्तर नाही. बोट लांबीनं कळते, मोटर लांबीनं ठरत नाही. बोट किती वेगानं, किती अंतर, कोणत्या पाण्यात जाणार, हे आधी ठरावं लागतं. त्यावरून पंखा ठरतो, पंख्यावरून मोटर ठरते आणि मोटरच्या खाण्यावरून बॅटरी. हा क्रम उलटा केला की पैसा जातो आणि बोट धक्क्याला बांधून राहते. आज मला सांगायचं आहे ते एवढंच. पण ते हिशेबानं सांगायचं आहे.

विजेची बोट नवी नाही

रुडॉल्फ डिझेल यांचा जन्म १८५८चा. त्याच्या जवळजवळ वीस वर्षं आधी, १८३८ साली, मोरिट्झ याकोबी या शास्त्रज्ञानं सेंट पीटर्सबर्गच्या नेवा नदीवर विजेच्या मोटरनं बोट चालवली होती. १८८१ साली पॅरिसमध्ये ग्युस्ताव्ह त्रूव्हे यानं सीन नदीत काढघाल करता येईल अशी मोटर बोटीला लावली. आज ज्याला आपण आउटबोर्ड म्हणतो त्याचा हा पूर्वज. म्हणजे मोटर कधीच अडचण नव्हती. अडचण होती ती वीज सोबत नेण्याची. पुढे तेलाची इंजिनं आली. थोड्या जागेत, थोड्या वजनात एवढी ऊर्जा मिळू लागली की विजेची बोट मागे पडली.

हा फरक आकड्यात बघू. एक लिटर डिझेलमध्ये साधारण १० युनिट, म्हणजे १० किलोवॉट-तास, उष्णता असते. लहान इंजिन त्यातली ३० टक्के जरी पंख्याच्या दांड्यावर पोचवू शकलं, तरी ३ युनिट काम मिळतं. तेवढंच काम बॅटरीकडून घ्यायचं तर, मधली गळती धरून, सुमारे साडेतीन युनिटांची बॅटरी लागते. आज बोटीत वापरल्या जाणाऱ्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीचं वजन पेटी आणि जोडणीसह किलोमागे १०० ते १५० वॉट-तास या हिशेबानं धरलं, तर त्या एका लिटरच्या जागी पंचवीस ते पस्तीस किलो ओझं आलं.

या आकड्याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. डिझेलच्या बोटीत पंखा चुकला, बूड घाण झालं, वेग विनाकारण वाढवला, तरी टाकीत आणखी दहा लिटर ओतून दिवस निभावतो. चूक असते, पण ती तेलात बुडून जाते. विजेच्या बोटीत तीच चूक शेकडो किलो वजन आणि लाखो रुपये होऊन समोर उभी राहते. म्हणून विजेच्या बोटीचा विचार करताना डिझेलच्या काळातले अंदाज कामाचे नाहीत. तिथे मोजमाप लागतं.

वेगाची किंमत

आता वेगाकडे येऊ. बोट पाण्यातून जाते तेव्हा तिला दोन गोष्टी अडवतात. पाणी बुडाला घासतं, हे एक. आणि बोट लाटा उठवते, त्या लाटांना लागणारी ऊर्जा तीच पुरवत असते, हे दुसरं. मंद वेगात घर्षण मोठं असतं. वेग वाढला की लाटांचा वाटा झपाट्यानं वाढतो.

हे गणित विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्यानं बसवलं. त्यानं लहान प्रतिकृती ओढून मोजमापं केली आणि १८७०च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटिश नौदलाच्या मदतीनं टॉर्की इथे प्रयोगांसाठी लांबलचक टाकी उभारली. प्रतिकृतीवरून खऱ्या जहाजाचा रोध कसा काढायचा, हे त्यानं दाखवलं. जगभरातल्या जहाजांच्या चाचणी-टाक्या आजही त्याच्याच वाटेनं चालतात.

बोटीच्या नाळेशी एक लाट उठते. वेग वाढत जातो तशी ती लाट लांब होत जाते. एका वेगाला लाटेची लांबी बोटीच्या लांबीएवढी होते. तेव्हा बोट आपणच उठवलेल्या लाटेच्या चढावर अडकते आणि मागचा भाग खाली बसतो. जड, पाणी कापत जाणाऱ्या बोटीसाठी ही व्यावहारिक मर्यादा. ती काढायची रीत सोपी आहे : पाण्याच्या रेषेवरची लांबी मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, २.४३ नं गुणा. उत्तर नॉटमध्ये मिळतं. नऊ मीटरच्या बोटीला ते ७.३ नॉट येतं.

समजा, आपल्यासमोर अशीच बोट आहे. पाण्यावर लांबी नऊ मीटर, माणसांसकट वजन चार टन. खाडीत पर्यटक फिरवायचे आहेत. संथ पाण्यात पाच नॉट वेगाला तिचा रोध ५०० न्यूटन आहे असं धरू, म्हणजे साधारण ५० किलोची ओढ. पाच नॉट म्हणजे सेकंदाला २.५७ मीटर. रोध गुणिले वेग, म्हणजे बोट ओढायला लागणारी निव्वळ शक्ती झाली जवळपास १.३ किलोवॉट. पावणेदोन एचपी. चार टनांच्या बोटीला!

आता तिला सात नॉटनं पळवू. वेग चाळीस टक्क्यांनी वाढला. रोध वेगाच्या वर्गानं आणि शक्ती घनानं वाढते, हा ढोबळ नियम लावला तर शक्ती पावणेतीन पट व्हायला हवी. पण सात नॉट म्हणजे आपण ७.३च्या भिंतीजवळ आलो. इथे घनाचा नियमही अपुरा पडतो. रोध सहज १,८०० न्यूटनवर जातो आणि निव्वळ शक्ती साडेसहा किलोवॉट होते. पाचपट! पाच मैलांच्या फेरीत वाचली किती मिनिटं? सतरा.

ही सतरा मिनिटं खरोखर हवी आहेत का, हा प्रश्न मालकानं, प्रवाशांनी आणि वेळापत्रक ठरवणाऱ्यानं एकत्र बसून सोडवायचा आहे. अभियंत्यानं तो त्यांच्यासमोर मांडायचा. न विचारता सात नॉट गृहीत धरले तर पुढचा सगळा हिशेब पाचपट शक्तीचा होतो.

रोध मोजायला टाकीच हवी असं नाही. बोट आधीच पाण्यात असेल तर दुसऱ्या बोटीनं लांब दोराला बांधून ती ओढायची आणि दोरात ताणकाटा लावायचा. पंखा काढून ठेवायचा, किंवा निदान मोकळा सोडायचा. दोर इतका लांब हवा की पुढच्या बोटीनं ढवळलेलं पाणी मागच्या बोटीला लागू नये. दर वेगाला काटा वाचायचा, दोन्ही दिशांना ओढून सरासरी घ्यायची, म्हणजे प्रवाहाचा परिणाम निघून जातो. वाशिष्ठीच्या खाडीत आम्ही हे करतो तेव्हा तांडेल लोक आधी कुतूहलानं पाहतात आणि मग स्वतःच काटा हातात घेतात. वेग वाढल्यावर काटा कसा भराभर चढतो, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की घनाचा नियम समजावून सांगावा लागत नाही.

पंखा : मोठा आणि सावकाश

निव्वळ शक्ती कळली. ती पाण्यात उतरवतो पंखा, आणि सगळ्यात मोठी गळती इथेच होते.

पंखा पाणी मागे ढकलतो, म्हणून बोट पुढे जाते. तोच रेटा दोन प्रकारे मिळवता येतो : थोडं पाणी जोरात मागे फेकून, किंवा पुष्कळ पाणी हळू मागे सारून. रेटा वस्तुमान आणि वेग यांच्या गुणाकारावर अवलंबून असतो, पण पाण्याला दिलेली ऊर्जा वेगाच्या वर्गावर. म्हणून पुष्कळ पाणी हळू सारणं नेहमीच स्वस्त. स्कॉटलंडच्या विल्यम रँकिननं १८६५ साली हा विचार सूत्रात बांधला. त्या सूत्रातून कोणत्याही व्यासाच्या पंख्याची कमाल शक्य कार्यक्षमता काढता येते. कोणताही कारागीर, कोणतंही यंत्र तिच्या पुढे जाऊ शकत नाही.

आपल्या बोटीला हे सूत्र लावू. पाच नॉटला ५०० न्यूटन रेटा हवा. २५ सेंटिमीटर व्यासाचा पंखा घेतला तर कमाल शक्य कार्यक्षमता ६७ टक्के. ५० सेंटिमीटरचा घेतला तर ८६ टक्के. प्रत्यक्षात पात्यांचं घर्षण आणि पाण्याला बसणारा पीळ यांमुळे यातून बरंच कमी होतं. लहान पंख्याला ५० टक्के आणि मोठ्याला ६५ टक्के मिळाले तर समाधान मानावं. म्हणजे दांड्यावर एका ठिकाणी २.६ किलोवॉट लागतात, दुसऱ्या ठिकाणी २. तीच बोट, तोच वेग, तेच प्रवासी. नुसता पंखा बदलून जवळजवळ चौथा हिस्सा वीज वाचते, आणि ती रोज, प्रत्येक फेरीला वाचते.

मोठा पंखा सावकाश फिरवावा लागतो. इथे पिच समजून घेऊ. लाकडात स्क्रू एका फेऱ्यात जेवढा पुढे सरकतो, तेवढा पंखा घट्ट माध्यमात सरकला असता. ते अंतर म्हणजे पिच. पाणी घट्ट नाही, म्हणून पंखा थोडा घसरतो. या घसरण्याशिवाय रेटाच निर्माण होत नाही. आपल्या बोटीला मिनिटाला १५४ मीटर जायचं आहे. पंचवीस टक्के घसर धरली तर पिच आणि फेरे यांचा गुणाकार २०५ मीटर यायला हवा. पिच ४० सेंटिमीटर ठेवला तर मिनिटाला सुमारे ५०० फेरे. २५ सेंटिमीटरच्या पंख्याला त्याच कामासाठी १,५०० फेऱ्यांच्या आसपास पळावं लागतं.

वेगानं फिरणारं यंत्र आणि सावकाश फिरू इच्छिणारा पंखा, यांच्या भांडणाची इतिहासातली सर्वांत बोलकी गोष्ट चार्ल्स पार्सन्स यांच्या 'टर्बिनिया'ची आहे. पार्सन्स यांनी वाफेचं टर्बाइन शोधलं आणि ते दाखवण्यासाठी १८९४ साली न्यूकॅसलजवळ ही चिंचोळी बोट पाण्यात सोडली. टर्बाइनमध्ये शक्ती अफाट होती. पहिल्या चाचण्यांत एकच दांडा होता आणि बोट काही केल्या वीस नॉट ओलांडेना. पंखा इतक्या जोरात फिरत होता की पात्यांच्या पाठीवर पाण्याचा दाब कोसळून वाफेच्या पोकळ्या तयार होत होत्या. पंखा पाण्याऐवजी पोकळीत फिरत होता. पार्सन्स यांनी काचेची खिडकी असलेली लहान टाकी बांधली, लुकलुकत्या प्रकाशात फिरता पंखा पाहिला आणि पोकळ्यांचा अभ्यास केला. मग एकाऐवजी तीन दांडे आणि दर दांड्यावर तीन, असे नऊ पंखे बसवले. १८९७ साली राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवी नौदल संचलनात ही बोट ३४ नॉटच्या आसपास वेगानं धावली. पुढे १९१०च्या सुमारास पार्सन्स यांनी 'वेस्पेशियन' या मालवाहू जहाजावर टर्बाइन आणि पंखा यांच्यामध्ये दातेरी चक्रांची जोडणी बसवली : टर्बाइन आपल्या वेगानं फिरेल, पंखा आपल्या. शक्ती असणं आणि ती पाण्यात उतरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे जगाला तेव्हा कळलं. आपल्याला ते पुन्हा पैसे मोजून शिकण्याचं कारण नाही.

मोठा पंखा चांगला, मग सगळे तोच का लावत नाहीत? कारण कोकणची खाडी. ओहोटीला गाळ वर येतो आणि मोठा पंखा तळाला लागतो. पात्याचं टोक आणि बुडाची फळी यांच्यामध्ये व्यासाच्या निदान दहा-पंधरा टक्के अंतर हवं, नाहीतर बोट थरथरते. शिवाय पाण्यात वाहून आलेली जाळी, दोऱ्या आणि प्लॅस्टिक पंख्याला गुंडाळतात. यावर उपाय आहेत. एका मोठ्या पंख्याऐवजी दोन मध्यम पंखे लावता येतात. बुडाला मागे बोगद्यासारखी खोलगट जागा देऊन पंखा त्यात वर घेता येतो. सावकाश आणि जड ओढीच्या बोटींना पंख्याभोवती कडं बसवता येतं; ते जास्तीचा रेटा देतं, मात्र वेगवान बोटीत उलट अडथळा ठरतं. कोणता उपाय घ्यायचा हे खाडी सांगते, विक्रेत्याचं माहितीपत्रक सांगत नाही.

मोटर : एचपीपेक्षा टॉर्क पाहा

आता मोटर. दांड्यावर रोजच्या कामाला दोन किलोवॉट हवेत. मग दोन किलोवॉटची मोटर पुरेल? नाही. समोरून वारा येईल तेव्हा काय होईल, ते पाहू. छपराची बोट समोरून पाच चौरस मीटर दिसते असं धरलं आणि २० नॉटचा वारा समोर आला, तर वाऱ्याचाच अडसर साधारण ४५० न्यूटन होतो. म्हणजे एकूण रोध जवळजवळ दुप्पट. पंख्यावरचा भार वाढल्यानं त्याची कार्यक्षमताही थोडी उतरते. तरीही पाच नॉट राखायचे तर दांड्यावर सव्वाचार किलोवॉट लागतात आणि फेरे ६००वर जातात. तेव्हा या बोटीला न थकता तासन्‌तास पाच-सहा किलोवॉट देऊ शकेल अशी मोटर योग्य. अशाच बोटीवर आज २० एचपीचं, म्हणजे १५ किलोवॉटचं डिझेल इंजिन सहज दिसतं.

यातूनच एक समजूत पसरली आहे : विजेची एक एचपी म्हणजे डिझेलच्या तीन एचपी. हे खरं नाही. एक एचपी म्हणजे ७४६ वॉट, मग ती कुठूनही येवो. या समजुतीमागचं खरं कारण वेगळं आहे. डिझेलच्या बोटींवर मुळात गरजेपेक्षा मोठी इंजिनं असतात. डिझेल इंजिन कमी फेऱ्यांना पूर्ण जोर देत नाही, म्हणून त्याला लहान पंखा लावावा लागतो. विजेची मोटर शून्य फेऱ्यांपासून पूर्ण जोर देते, म्हणून ती मोठा पंखा सावकाश फिरवू शकते. फायदा आहे तो पंख्याचा. लहान पंख्यावर विजेची मोटर लावून तीनपट चमत्काराची वाट पाहणारा फसतोच.

म्हणून मोटर घेताना किलोवॉटच्या आधी टॉर्क विचारा. टॉर्क म्हणजे दांडा पिळण्याचा जोर. किलोवॉटला ९,५५० नं गुणा आणि मिनिटाच्या फेऱ्यांनी भागा, उत्तर न्यूटन-मीटरमध्ये येतं. दोन किलोवॉट ५०० फेऱ्यांना म्हणजे ३८ न्यूटन-मीटर. वाऱ्याच्या दिवशी सव्वाचार किलोवॉट ६०० फेऱ्यांना म्हणजे सुमारे ६७. तीच दोन किलोवॉट शक्ती ३,००० फेऱ्यांच्या मोटरला फक्त साडेसहा न्यूटन-मीटरमध्ये देता येते. मोटरचं आकारमान, तांबं आणि चुंबक टॉर्कवर ठरतात. म्हणून ३,००० फेऱ्यांची मोटर लहान आणि स्वस्त मिळते. ती घ्यायची तर मध्ये सहास एक प्रमाणाची गिअर किंवा पट्ट्याची जोडणी हवी. थेट जोडायची तर कमी फेऱ्यांची, जास्त टॉर्कची, वजनदार मोटर हवी. दोन्ही मार्ग बरोबर आहेत. चूक एकच : ३,००० फेऱ्यांची मोटर थेट दांड्याला जोडून तिला झेपेल एवढासा पंखा लावणं.

पिच चुकला की मोटर लगेच सांगते, फक्त मीटर वाचायला हवा. मोटरच्या फेऱ्यांना व्होल्टेजची मर्यादा असते आणि टॉर्कला प्रवाहाची, म्हणजे अँपिअरची. पिच जास्त असेल तर फेरे गाठण्याआधीच अँपिअर मर्यादेला टेकतात, मोटर आणि तिला नियंत्रित करणारा कंट्रोलर तापतात. पिच कमी असेल तर फेरे शेवटाला पोचतात, पण अँपिअर निम्म्यावरच राहतात. विकत घेतलेली शक्ती वापरताच येत नाही. माहितीपत्रकातला मोठा आकडा अनेकदा मिनिटभरापुरता असतो. कराराच्या कागदावर अखंड चालण्याची क्षमता आणि ती कोणत्या तापमानाला, हे लिहून घ्यावं. वैशाखात छपराखाली, बंद खणात मोटर चालणार आहे. तारांचाही विचार हवा. ४८ व्होल्टवर दोन किलोवॉट म्हणजे ४२ अँपिअर, पण बारा किलोवॉट म्हणजे २५० अँपिअर. एवढ्या प्रवाहाला चांगल्या जाड तारा आणि निर्दोष जोड लागतात. खाऱ्या हवेत गंजलेला जोड आग लावू शकतो. व्होल्टेज वाढवलं तर तारा बारीक होतात, पण विजेच्या धक्क्यापासून संरक्षणाची शिस्त कडक हवी.

बॅटरी आणि भरती-ओहोटी

बॅटरी शेवटी येते आणि तोवर तिचं उत्तर तयार झालेलं असतं. दांड्यावर दोन किलोवॉट, म्हणजे मोटर आणि कंट्रोलरची गळती धरून बॅटरीतून २.३. दहा युनिटांची बॅटरी घेतली आणि आठ युनिटं वापरली, तर साडेतीन तास, सतरा सागरी मैल. त्यासाठी लागणारी मोठी मोटर लावून सात नॉटनं चालवली तर बॅटरीतून बारा किलोवॉट जातात आणि तीच आठ युनिटं चाळीस मिनिटांत संपतात; मैल जेमतेम पावणेपाच. सतरा आणि पावणेपाच, यातला फरक तांडेलाच्या हातातल्या मुठीचा आहे.

खाडीत प्रवाह असतो. दोन नॉट प्रवाहाविरुद्ध पाच नॉटनं चाललं तर किनारा तीन नॉटनंच मागे पडतो. संथ पाण्यात पाच मैलांना २.३ युनिटं लागली असती, इथे ३.८ लागतात. भरतीबरोबर आत आणि ओहोटीबरोबर बाहेर, हे आपल्या पूर्वजांनी वल्ह्याच्या आणि शिडाच्या काळात पाळलेलं वेळापत्रक विजेच्या बोटीत पुन्हा मोलाचं होतं. जिथे वेळ पाळावीच लागते तिथे बॅटरी सगळ्यात वाईट फेरीसाठी मोजावी आणि वर राखीव साठा ठेवावा. बुडावरचं शेवाळ आणि शिंपली वेळच्या वेळी काढणं, हेही बॅटरी मोठी करण्याइतकंच उपयोगाचं, आणि कितीतरी स्वस्त.

ज्यांनी क्रम पाळला

केरळात वेंबनाड जलाशयावर वैकम ते तवणक्कडवू अशी 'आदित्य' ही प्रवासी बोट जानेवारी २०१७ पासून सुरू झाली. ७५ प्रवासी, सुमारे वीस मीटर लांब, सात मीटर रुंद, दोन सडपातळ बुडं जोडलेली. छपरावर वीस किलोवॉटचे सौर पॅनेल, पन्नास युनिटांची बॅटरी आणि वीस-वीस किलोवॉटच्या दोन मोटरी. कमाल वेग साडेसात नॉट, रोजचा साडेपाच. घनाचा नियम लावून पाहा : साडेसातला चाळीस किलोवॉट लागत असतील, तर साडेपाचला सोळाच्या आसपास पुरतात. म्हणजे उन्हाच्या वेळी छपरावरून येणारी वीज मोटरीच्या भुकेच्या जवळ पोचते. वेगाच्या त्या दोन नॉटांमध्ये या बोटीचं यश आहे. बुडं सडपातळ ठेवल्यानं लाटा कमी उठतात, वेग माफक ठेवल्यानं बॅटरी लहान राहते, बॅटरी लहान म्हणून बोट हलकी.

नॉर्वेत सोग्ने फ्योर्डवर लाविक ते ओप्पेदाल ही 'अँपिअर' नावाची फेरीबोट २०१५ साली धावू लागली. ८० मीटर लांब, १२० मोटारी, ३६० प्रवासी, आणि मोटरी ४५० किलोवॉटच्या दोनच. तीही दोन बुडांची, आणि ॲल्युमिनियमची. दर फेरीनंतर काही मिनिटांत तिला चार्ज करावं लागे आणि तिथल्या गावांची वीजवाहिनी तेवढा एकदम ताण घेऊ शकत नव्हती. म्हणून दोन्ही धक्क्यांवर बॅटऱ्या ठेवल्या. त्या सावकाश भरत आणि बोट आली की पटकन वीज देत. एप्रिल २०२३ मध्ये सुरू झालेल्या कोची जलमेट्रोच्या बोटी कोचीन शिपयार्डनं बांधल्या. त्यांच्यासाठी लिथियम टायटनेट बॅटरी निवडली गेली : वजनाला जड, पण झटपट भरणारी आणि दीर्घायुषी. जिथे थांबे जवळजवळ आणि फेऱ्या पुष्कळ, तिथे हीच निवड योग्य.

तिन्ही ठिकाणी आधी मार्ग आणि वेळापत्रक ठरलं, मग बूड, मग शक्ती. कोणीही गोदामातली मोटर घेऊन बोट शोधत फिरलं नाही.

महाराष्ट्रातही सुरुवात झाली आहे. माझगाव डॉकसाठी केरळात बांधलेली 'बाराकुडा' ही सौर-विद्युत बोट बारा नॉटपर्यंत जाते. तिचं काम वेगळं आहे, म्हणून तिची बांधणीही वेगळी. आणि आपल्याकडे दाभोळ-धोपावे, वेसवी-बागमांडला, जयगड-तवसाळ अशी लहान अंतरं आहेत, ठरलेल्या फेऱ्या आहेत, दोन्ही तीरांवर वीज आहे. विजेच्या फेरीबोटीला याहून चांगली परीक्षा कोणती?

म्हणून सरकारी खात्यांना, सहकारी संस्थांना आणि बोटमालकांना माझी कळकळीची विनंती आहे. विजेच्या बोटीची निविदा काढताना पहिल्या ओळीत मोटरचे किलोवॉट लिहू नका. मार्गाची लांबी लिहा, संथ पाण्यातला वेग लिहा, तिथला सर्वांत जोराचा प्रवाह आणि ओहोटीची खोली लिहा. पंख्याचा व्यास, पिच आणि फेरे बांधणाऱ्याकडून लिहून घ्या. बोट ताब्यात घेताना पूर्ण भारानिशी, दोन्ही दिशांना, प्रत्येक नॉटाला व्होल्ट आणि अँपिअर मोजा आणि तो तक्ता सगळ्यांना पाहता येईल असा धक्क्यावर लावा. तंत्रनिकेतनांतल्या विद्यार्थ्यांना ताणकाटा आणि वॉटमीटर देऊन खाडीवर पाठवा. कोकणातल्या प्रत्येक प्रकारच्या बोटीचा रोध मोजून ती वही बांधणाऱ्या सुतारांच्या हाती द्या. हे काम फार पैशाचं नाही, शिस्तीचं आहे. ते झालं तर पुढच्या वर्षी कोणी "किती एचपीची मोटर टाकू?" असं विचारायला येईल, तेव्हा आपण त्याच्यापुढे अंदाज ठेवणार नाही, मोजलेलं उत्तर ठेवू.